नावे

बावीस वर्षं पतपेढीत खतावण्या लिहिल्या,
त्यामुळे इथेही, अनुराधपुराच्या अलीकडे
दोन बस चुकल्यावरही,
निजण्याआधी वही काढतेच.
जमा. नावे.
कुणाचं किती देणं लागते मी.

सोमवार.
तळ्याच्या बांधावर किरिबंडानं सायकल थांबवली,
माझी पिशवी कॅरियरला बांधली
आणि सायकल हातात धरून
दोन मैल चालला, माझ्या चालीनं.
पैसे: घेतले नाहीत.
बोलणं: दोघांनाही जमलं नाही.

मंगळवार.
कातळावरचं विहार, बाराचं ऊन.
चपला खाली काढलेल्या.
तव्यावरच्या भाकरीसारखी मी
उलटसुलट होत पायऱ्या चढतेय.
शाळेच्या पोरी हसल्या. हसण्यासारखंच होतं.
मग त्यातली एक, तरिंदी,
आपल्या बाटलीतलं पाणी ओतत पुढे चालू लागली,
मी त्या ओल्या पट्ट्यावर पाय टाकत
बोधिवृक्षाच्या सावलीपर्यंत.
तिची प्यायची बाटली. रिकामी.
हे कोणत्या सदरात घालू?

बुधवार. पौर्णिमा.
सगळं गाव पांढऱ्यात
आणि माझी विजार लाल मातीनं माखलेली.
हीन्मेणिकेनं मनगट धरून घरी नेलं,
पत्र्याची पेटी उघडली,
डांबरगोळ्यांच्या वासाचं पांढरं कापड
स्वतः माझ्या कमरेला गुंडाळलं.
पूजा झाली. दिवे झाले.
अंधारात मला परत घेऊन आली, चूल पेटवली.

ती म्हणाली, बत्.
मी म्हणाले, भात.
तिनं हात पुढे केला: अत.
हात.
तोंड उघडून उरलेले दोन दाखवले: दत.
दात, म्हटलं, दात!
समुद्र ओलांडताना भाताचा महाप्राण
पाण्यात पडला असणार,
बाकी दाणा तोच.

कोवळ्या फणसाची भाजी, खोबऱ्याची लालभडक चटणी.
ती समोर बसून वाढत राहिली, स्वतः जेवली नाही.
नंतर, मला वाटलं.
नंतरही नाही.
भांडी पालथी घातली तेव्हा लक्षात आलं:
आज पौर्णिमा, तिचं अष्टशील.
सहावं: अवेळी जेवायचं नाही.
मला पाठ होतं की ते.
लहानपणी, रविवारी, आमच्या वस्तीतल्या विहारात
एका दमात म्हणून बिस्किटाचा पुडा मिळवला होता.
दुपारी बारापासून उपाशी असलेली बाई
रात्री परक्या तोंडासाठी
फणस चिरते,
हे पाठांतरात नव्हतं.

भिंतीवर गणवेशातला एक मुलगा,
काचेवर एक धुळीचा कण नाही.
पुता, ती त्याच्याकडे बघून म्हणाली.
हा शब्द मला लावून बघावा लागला नाही.
पुढचं मी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही.
चटई अंथरताना मलाही म्हणाली: पुता.
मी चोपन्न वर्षांची, बाई.
तरी वळले.

गुरुवार.
चटईखाली दोन नोटा ठेवल्या.
तिनं त्या काढल्या, मोजल्यासुद्धा,
आणि मला घेऊन देवळातल्या दानपेटीकडे गेली.
नोटा माझ्या मुठीत, माझी मूठ तिच्या हातात,
तसंच पेटीच्या फटीत ढकललं.
मग मलाच म्हणाली, बोहोम पिन.
आभार मानत असावी, असं वाटलं.
कशाबद्दल, ते कळेना.

बसमध्ये कंडक्टरला विचारलं.
पिन म्हणजे, म्हणाला, ते, पुढच्या जन्माचं, चांगलं केलेलं…
पुण्य?
हां, पुण्य. खूप पुण्य.
म्हणजे देणारी ती, आणि पावतीही तिचीच,
येणं-देणं दोन्ही माझ्या अंगावर.
वही उघडली.
आकडे लिहायच्या जागी चार दिवसांत
एकही आकडा नाही.
किरिबंडा. तरिंदी. हीन्मेणिके.
नावे बाजूला नुसती नावं.

ताळा जुळणार नाही, हे दिसतंच होतं.
पेनाचं टोपण लावताना मांडीवर पाहिलं:
पांढरं कापड, डांबरगोळ्यांचा वास,
तिचं, अजून माझ्या कमरेला.
थांबवा, म्हणून उठले अर्धी.
कंडक्टर तिकीट फाडत होता.
गाव दोन वळणं मागे.
खाली बसले,
आणि गाठ जरा घट्ट केली.